बाळंतिणीच्या कोंबड्या आणि सानाते

माझ्या बायकोला, याहोस्काला, सातवा महिना लागला तशी माझी सासू, दोन्या चिलो, मला हाताला धरून परसात घेऊन गेली. कोंबड्या दाखवून म्हणाली, "ह्या आता तुझ्या."

आमच्या नांदाइमे गावात असंच आहे. बाळंतिणीला चाळीस दिवस गावठी कोंबडीचं सूप द्यायचं, आणि त्या कोंबड्या पोसायच्या नवऱ्याने. दुकानातली पांढरी कोंबडी आणली तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही.

मी रिक्षा चालवतो. कोंबडीतलं मला फक्त खायचं कळतं. तरी रोज दुपारी पत्र्याचा डबा वाजवायचो, "कुरी कुरी कुरी" ओरडायचो, मका टाकायचो. कोंबड्या धावत यायच्या.

आणि सानाते पण.

काळेकुळकुळीत, लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे पक्षी. लाज नाही, शरम नाही. कोंबडीच्या पायातून दाणा उचलणार, तिने चोच मारली तर तिचीच पिसं ओढणार. आमची लाल कोंबडी तर हौदामागे जाऊन बसायची, बाहेरच यायची नाही.

दर रविवारी सासू तपासणीला. कोंबडी काखेत धरायची आणि छातीचं हाड चाचपायची.

"जावईबापू, हे हाड आहे का सुरी? ह्याच्या सुपावर माझी पोरगी उठून बसणार होय?"

"दोन्या चिलो, सगळं सानाते खातात हो!"

"मग सानात्यांचं सूप कर."

टांगलेल्या झोळीत आडवी पडलेली याहोस्का पोट धरून हसायची. "आई, हसवू नकोस गं, आतला लाथा मारतोय."

मी आंब्याला गाण्यांच्या जुन्या, चकचकीत सीडी टांगल्या. सानाते त्यात स्वतःचं तोंड बघायला लागले. माझा शर्ट घालून बुजगावणं केलं, तर त्याच्या खांद्यावर जाऊन बसले.

याहोस्का म्हणाली, "बरोबर आहे. जेवण देणाऱ्याचा शर्ट आहे, ओळखणारच."

हसलो खरा. पण दिवस जवळ येत होते आणि कोंबड्या तशाच काटकुळ्या.

एका संध्याकाळी गावातल्या बागेपाशी गिऱ्हाईक घेत होतो. एक मावशी पिशव्या घेऊन मागे बसली. मी पुढे हँडलवर पडलेली पक्ष्यांची शीट पुसत शिव्या घालत होतो. झाडं नुसती काळी झालेली, कलकलाट कानात मावत नव्हता.

शेजारचा रिक्षावाला नॉर्विन म्हणाला, "किती पुसशील? सगळ्या गावचे सानाते झोपायला इथेच येतात."

मी वर बघितलं. सगळ्या गावचे. म्हणजे माझ्या परसातले पण.

अजून उजेड होता. कोंबड्या झोपायला झाडावर चढतात, त्याला अजून वेळ होता. मी रिक्षा फिरवली आणि सुटलो.

"अरे पोरा, माझं घर तिकडे राहिलं!" मावशी ओरडली.

"दोन मिनिटं, मावशी. घरी बाळंतिणीच्या कोंबड्या उपाशी आहेत."

"अगं बाई! मग हळू काय चालवतोस?"

ह्या वेळी डबा वाजवला नाही, ओरडलो नाही. डब्याच्या आवाजाने तेच तर यायचे, मीच जेवायला बोलवत होतो त्यांना. गुपचूप मका पसरला. कोंबड्या एकेक करत आल्या. लाल कोंबडीसुद्धा हौदामागून आली. सानाते कुठेच नाहीत, फक्त चोचींचा टकटक आवाज. मावशी रिक्षातूनच म्हणाली, "त्या लालीला जास्त टाक."

मग रोज तसंच. संध्याकाळचा धंद्याचा वेळ बुडायचा, बुडू दे म्हटलं.

पुढे एका रविवारी सासूने लालीला धरलं, चाचपलं. परत चाचपलं. हाड सापडेना.

"हं," एवढंच म्हणाली. दोन्या चिलोचं "हं" मिळायला नशीब लागतं.

मुलगी झाली. पहिलं सूप सासूनेच केलं, करड्या कोंबडीचं. वर पिवळ्या चरबीचे डोळे तरंगत होते. याहोस्काने वाडगं दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. कपाळावर घाम आला, गाल लाल झाले.

"आई, उद्या पण असंच?"

"उद्या लाली," सासू म्हणाली.

बाहेर ऊन उतरलं होतं. मी मक्याची टोपली उचलली.

सासू हसली. "उद्या कापायचीय तिला. आज कशाला चारतोस?"

"म्हणून काय उपाशी झोपवू?" म्हटलं, आणि परसात गेलो.