साक्षीच्या खुर्चीपुढचा पडदा

मित्रांनो, मी जाड सुती कापडाचा एक जुना पडदा आहे. नागपूरच्या एका न्यायालयात लाकडी चौकटीवर मला ताणून बसवले आहे. माझ्या एका बाजूला साक्षीदाराची खुर्ची असते आणि दुसऱ्या बाजूला आरोपी बसतो. आरोपीची नजर साक्षीदारावर पडू नये, एवढेच माझे काम. ऐकायला ते सोपे वाटते. पण जी माणसे त्या खुर्चीवर येतात, त्यांची भीती माझ्या धाग्याधाग्यात मुरली आहे.

नागपूरच्याच महाल भागातल्या नत्थूजी विणकरांच्या हातमागावर माझा जन्म झाला. धोटा धागा घेऊन इकडून तिकडे पळायचा आणि मी बोट-बोट वाढायचो. नत्थूजींनी मला घट्ट विणले होते. न्यायालयात आलो तेव्हा सगळ्यांनी माझ्यावरून हात फिरवून माझे कौतुक केले. लहान मुलांनी माझ्याआड बसून साक्षी दिल्या. मग खोलीची दुरुस्ती निघाली आणि मला मोडक्या खुर्च्यांसोबत अडगळीच्या खोलीत टाकले. तिथे उंदीर होते. पुन्हा बाहेर काढले तेव्हा माझ्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक भोक पडले होते. धूळ झटकली गेली. भोक कुणी पाहिलेच नाही.

अशा अवस्थेत मी भारतीपुढे उभा राहिलो. भारती हे तिचे खरे नाव नाही. अशा मुलींची ओळख उघड करायची नाही, असे कायदा सांगतो आणि मीही ते पाळतो. ती सावनेरजवळच्या एका गावची, सोळा वर्षांची मुलगी. गावातल्या शालिकरामला ती काका म्हणायची. नागपूरच्या इतवारी बाजारात कापडाच्या दुकानात काम लावून देतो, असे सांगून त्याने तिला आणि तिच्या मैत्रिणीला घराबाहेर काढले. त्या मैत्रिणीला आपण माया म्हणू. इतवारी त्यांना दिसलीच नाही. दूरच्या एका शहरात, कुलूपबंद गोदामात, दिव्यांच्या माळा जोडायला त्याने त्यांना विकून टाकले. हो मित्रांनो, विकून टाकले. याला मानवी तस्करी म्हणतात.

पोलिसांनी छापा घातला तेव्हा एकटी भारतीच सापडली. मायाला त्याआधीच दुसरीकडे हलवले होते. आणि माया आपल्यासोबत होती, हे भारतीने कुणालाच सांगितले नव्हते. "तिचं नाव घेतलं तर तुह्या लहान बहिणीचा नंबर," असे शालिकरामने तिला बजावले होते. मायाच्या वडिलांना आपण देवाजी म्हणू. दोघी एकाच दिवशी गावातून नाहीशा झाल्या, एवढेच ठाऊक असलेले देवाजी प्रत्येक तारखेला लेकीचा फोटो घेऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात बसायचे. दार उघडले की मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एकच विचारायचे, "माह्या पोरीचं काही समजलं का जी?" त्यांच्यासमोरून आत येताना भारती मान खाली घालायची.

साक्षीच्या दिवशी दारे बंद झाली. आत बाहेरचे कुणी नव्हते. भारतीच्या शेजारी सिंधूताई बसल्या होत्या. घाबरलेल्या साक्षीदाराला धीर द्यायला त्या नेहमी येतात. भारतीने माझी कड मुठीत धरली होती.

"तुझ्यासोबत आणखी कोणी होतं का?" सरकारी वकिलांनी विचारले.

भारतीने तोंड उघडले, आणि त्याच वेळी पलीकडून शालिकराम पुढे झुकला. त्याला भोक सापडले होते. त्याने डोळा माझ्या कापडाला लावला. त्याचा श्वास मला लागत होता. शेजारच्या शिपायाचे लक्ष नव्हते. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, सरकता येत नाही. मी नुसता टांगलेला होतो, आणि माझ्यातूनच तो तिला धमकावत होता.

भारती दगडासारखी झाली.

"साक्षीदाराजवळ उत्तर नाही," आरोपीचे वकील म्हणाले. "मुलगी आपल्या मर्जीनं गेली होती."

सिंधूताई तिच्या कानाशी वाकल्या. "काय झालं वं? बोलत काहून नाहीस?"

भारतीने फक्त बोट उचलले. ते थरथरत माझ्याकडे वळले. सिंधूताईंनी बोटामागे नजर नेली, उठल्या आणि भोकावर पाठ टेकवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तो भोकातून तिच्याकडे पाहून राहिला," त्या म्हणाल्या.

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवले. आवाज न चढवता त्यांनी शालिकरामला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवायला सांगितले. तिथून त्याला साक्ष ऐकू येणार होती, पण भारती दिसणार नव्हती. मग त्या आरोपीच्या वकिलांकडे वळल्या. "मर्जीचं म्हणाल, तर तस्करीच्या गुन्ह्यात बळी पडलेल्याच्या संमतीला कायदा अर्थ देत नाही. आणि ही तर अल्पवयीन आहे."

भारती पाणी प्यायली. नंतर हळूच म्हणाली, "मॅडम, मी एक नाव सांगतलं तर माह्या बहिणीले काही होईन का?"

"साक्षीदाराच्या घरच्यांनाही संरक्षण देता येतं," मॅडम म्हणाल्या. "आजपासून तुझ्या घरापाशी पोलीस राहतील. मी आत्ताच आदेश देते."

"माया होती माह्यासंगं," भारती म्हणाली. मग तिला थांबता येईना. शालिकराम फोनवर बोलताना तिने ऐकले होते. त्याच शहरात बर्फाच्या कारखान्यामागे दुसरे गोदाम आहे, तिथे मायाला नेले होते. तिने सगळे सांगितले. माझी कड मात्र सोडली नाही.

पोलीस देवाजींना घेऊन त्याच दिवशी निघाले. त्यानंतरच्या सुनावण्यांना व्हरांड्यातून तो प्रश्न ऐकू येईनासा झाला. त्याचा अर्थ मला कळत नव्हता. बरे झाले की वाईट, या विचाराने मी धास्तावून गेलो.

मग एका सकाळी साक्षीच्या खुर्चीवर एक नवी मुलगी येऊन बसली. अंगाने काडी, बोटांवर तारांचे ओरखडे. तिनेही माझी कड धरली. न्यायाधीश मॅडमनी नाव विचारले आणि ती इतक्या हळू बोलली की फक्त मलाच नीट ऐकू आले. ती माया होती, त्या गोदामातून सुटून आलेली. खालमानेने का होईना, तिने साक्ष पूर्ण केली. दोघींच्या साक्षींवर शालिकरामला सक्तमजुरीची मोठी शिक्षा झाली. भारती अजून अनोळखी माणसाने हाक मारली की दचकते, असे सिंधूताई सांगत होत्या. ते बरे व्हायला वेळ लागेल.

माझे भोक आता रफू झाले आहे. पण मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. तुमच्यासाठी केलेले कायदेही माझ्यासारखेच आहेत. ते असतात, पण त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही तर त्यांनाही भोके पडतात, आणि पलीकडे डोळा लावून बसलेला माणूस ती भोके बरोबर शोधतो. म्हणून तुमच्या वर्गातली एखादी मुलगी, एखादा मुलगा कामाच्या नावाखाली अचानक दिसेनासा झाला, तर गप्प बसू नका. घरी सांगा, बाईंना सांगा, १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करा. आणि बोट थरथरत असले तरी ते उचला. ते पाहणारे कुणीतरी शेजारी असते.