टक्!

मित्रांनो, मी उताणा पडलो की ‘टक्’ करून हवेत उडणारा भुंगेरा आहे. वय विचाराल तर चार वर्षं मातीत गेली. तेव्हा मी तारेसारखी पिवळी, कडक अळी होतो. मुळं खाल्ली, बटाट्यांना भोकं पाडली; खोटं कशाला सांगू? मग कोष झाला, पंख फुटले. बाहेर आलो तेव्हा स्वागताला कुत्रंसुद्धा नव्हतं.

आमचे पाय आखूड. पाठीवर पडलो की त्यांचा काही उपयोग नाही. पण छातीखाली एक काटा असतो आणि त्याच्या मागे एक खाच. अंग कमानीसारखं ताणून तो खाचेच्या काठावर अडकवायचा नि झटक्यात सोडायचा. टक्! अंग हवेत उडतं. खाली येताना कधी पायांवर पडतो, कधी पुन्हा पाठीवर.

एका सकाळी मी खिडकीतल्या कुंडीवरून घरंगळलो तो थेट फरशीवर, उताणा. शेजारी दुपट्यावर छकुलीही उताणीच. तिची आई बादलीत लंगोट धूत होती.

“सहा महिने झाले, आई. अजून पालथी पडत नाही. शेजारणीची चौथ्यातच पडली.”

“पडेल गं,” आजी म्हणाली. “लेकरू आहे, घड्याळ नाही.”

मी ऐकत होतो आणि जळत होतो. हिच्यासाठी दोन बायकांचा जीव टांगणीला, आणि मी तडफडतोय त्याचं कुणाला काय? रागानं काटा सोडला. टक्! पुन्हा पाठीवरच.

“सूनबाई, शेजारणीच्या नावानं बोटं मोडतेस की काय?”

“मी कुठे? माझे हात साबणात आहेत!”

बोटं मोडत होतो तो मी. छकुलीनं मान वळवली. मी पुन्हा नेट लावला. टक्! या खेपेला पायांवर. मला पाहायला ती कुशीवर झाली, पाय टाकला, आणि पडली की पालथी!

काय तो गलका! आईच्या डोळ्यांत पाणी, आजीच्या टाळ्या, साबणाच्या हातांनीच कुरवाळून पापे. अहो, मीसुद्धा आत्ताच सुलटा झालो होतो! तेवढ्यात आईची नजर माझ्यावर पडली. चप्पल उगारली गेली. मी पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग केलं.

“थांब!” आजी ओरडली. “त्याला बघायलाच वळली ती.”

चप्पल खाली ठेवली गेली. आईनं मला कागदावर घेऊन कुंडीत सोडलं आणि लगेच वळून छकुलीला छातीशी धरलं. पापा मला नकोच होता, असं मी अजून स्वतःला बजावतो.

मित्रांनो, एखादा किडा उताणा दिसला तर चप्पल शोधू नका, काडीनं सुलटाही करू नका. जरा दम धरा, त्याला जमतं. फक्त तेवढ्या वेळात ‘शेजारचा केव्हाच सुलटा झाला’ असं म्हणू नका. आम्हाला कान नसले तरी ते फार झोंबतं.