बारकीचा डावा कोपरा

काचवाल्याच्या दुकानात पेनल्टी बघायची नाही असा नियम होता, आणि तो फक्त काचवाल्यापुरता होता. बाकीच्यांनी खुशाल बघावी. मॅच पेनल्टीवर गेली की हा गुपचूप उठायचा, प्लायवूडच्या आडोशामागे काच कापायच्या खोलीत जाऊन बसायचा. मग बायको पुढच्या काउंटरच्या काचेवर किल्ली वाजवून त्याला निकाल कळवायची. आपल्या बाजूचा गोल झाला तर टक्. नाही झाला तर काही नाही. ते 'काही नाही' ऐकताना त्याचा जीव अर्धा व्हायचा.

एवढं सोंग कशाला, असं नवख्या माणसाला वाटेल. गल्लीतल्या कुणाला वाटायचं नाही. हाच माणूस तरुणपणी देशाकडून खेळला होता, आणि एका मोठ्या स्पर्धेत शेवटची पेनल्टी याच्याकडे आली होती. चेंडू गोलच्या दांड्यावरून जो गेला तो प्रेक्षकांत कुठे पडला, तेसुद्धा कुणाला दिसलं नाही. तेव्हापासून लोक त्याला 'आभाळ' म्हणायला लागले. आधी चिडवायला म्हणायचे, मग सवयीने. आता तर बिलावरसुद्धा लोक 'आभाळ ग्लास' असं लिहून मागायचे, आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान तो तसं सांगायचा.

पेनल्टी हुकली याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं. पेनल्टी भल्याभल्यांच्या हुकतात. त्याला खात होतं ते वेगळंच. त्याने डाव्या कोपऱ्यात खालून मारायचं ठरवलं होतं. धावत निघाला आणि अगदी शेवटच्या पावलाला गोलकीपर डावीकडे हलल्यासारखा वाटला. तेवढ्यात याने विचार बदलला. पाय एकीकडे, डोकं दुसरीकडे, आणि चेंडू तिसरीकडे. घरी आला तेव्हा वडिलांनी दार उघडलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "कशाला बदललंस?" वडील गेले, पण तो प्रश्न काही गेला नाही. रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तो यायचा, आणि मग हा उठून घरभर फिरत बसायचा. बायकोने पहिली काही वर्षं समजूत काढली. नंतर तिने वाटेतलं स्टूल बाजूला ठेवायला सुरुवात केली, म्हणजे अंधारात त्याच्या पायाला लागायला नको.

आणि आज दैवाने काय करावं? परदेशातली सेमीफायनल, बायकांचा संघ, पेनल्टी, आणि पाचव्या नंबरवर त्याची स्वतःची मुलगी.

तिचं घरातलं नाव बारकी. आता बापापेक्षा चार बोटं उंच झाली होती, तरी बारकीच. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानातच असायची. बापाने तिला काच कापायला शिकवलं तेव्हा हिऱ्याच्या टोकाचं ते हत्यार, हिरकणी, हातात देऊन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. "एकदा टेकवलीस की थांबायचं नाही. मध्येच वळायचं नाही. रेघ चुकली असं वाटलं तरी शेवटपर्यंत न्यायची. मध्ये मन बदललंस तर काच तुला पाहिजे तिथे नाही, तिला पाहिजे तिथे फुटते." पोरगी मान डोलवायची. पुढे ती पेनल्टी मारायला लागली तेव्हा उजव्या पायाने, डाव्या कोपऱ्यात, खालून, हे तिचं ठरून गेलं. बापाने कधी विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही.

"अहो, चार-चार झाले होते, आता त्यांचा पाचवा पण गेला आत," पुढून बायकोचा आवाज आला. "आता बारकी. तिने घातला तर बरोबरी."

"आणि नाही तर?" शेजारचा घड्याळवाला म्हणाला. तो स्वतःचं दुकान वाऱ्यावर सोडून यांच्या टीव्हीसमोर स्टूल टाकून बसला होता.

"तुम्ही तोंड मिटा," बायको म्हणाली.

काचवाला आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून बसला होता. बोटांत हिरकणी होती, पण टेबलावर पसरलेल्या काचेला त्याने हात लावला नव्हता. दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून येऊन उभ्या रचलेल्या काचांच्या कडांवर हिरवं पडलं होतं. समोर भिंतीला टेकून एक पुरुषभर उंचीचा आरसा होता. सलूनवाल्याची ऑर्डर. सकाळीच आला होता, आणि कडा घासायला म्हणून त्यानेच त्याचा कागद काढून टाकला होता.

त्याने मान वर केली, आणि आरशात त्याला दार दिसलं, दारातून पुढचं दुकान दिसलं, आणि दुकानाच्या भिंतीवरचा टीव्ही दिसला. हिरवंगार मैदान, पांढरा गोल, आणि चेंडूवर वाकलेली बारकी.

मान फिरवायला हवी होती. त्याला ते कळतही होतं. पण आपली पोर समोर उभी असताना मान फिरवता येते होय? गोलकीपर हात पसरून रेषेवर नाचत होती. बारकी चार पावलं मागे आली. एकदा नाक पुसलं. लहानपणी गणित अडलं की पुसायची तसंच. काचवाल्याने श्वास धरला. डावीकडे, पोरी. ठरवलंयस तिकडेच. काही झालं तरी बदलू नकोस.

ती धावली. पाय फिरला. चेंडू खालून सरपटत उजवीकडे गेला, आणि गोलकीपर उजवीकडेच झेपावली, आणि दोन्ही हातांनी तो बाहेर ढकलला.

पुढच्या खोलीत कुणी काही वाजवलं नाही.

काचवाला तसाच बसून राहिला. उजवीकडे. पोरीने उजवीकडे मारला. शेवटच्या पावलाला तिने बदललं. मी बदललं तसं. हरल्याचं दुःख नव्हतं त्याला, हरतात माणसं. त्याला डोळ्यांसमोर दिसत होती ती बारकी, वीस वर्षांनंतरची, कुठल्याशा घरात अंधारात फिरणारी, आणि वाटेतलं स्टूल बाजूला करायलाही कुणी नसलेली. एवढं जपून शिकवलं, आणि शेवटी नको तेच पोरीत उतरलं.

तो उठला आणि ताडताड पुढे आला. टीव्हीवर पुन्हा दाखवायला सुरुवात झाली होती. त्याने तिकडे न बघता भिंतीतून वायरच उपटली.

"अहो, काय करताय?"

"फोन बंद कर. दोन्ही." त्याने स्वतःच काउंटरवरचे दोन्ही फोन बंद केले. मग घड्याळवाल्याला म्हणाला, "तुम्ही निघा आता. मला शटर ओढायचंय."

"अहो आभाळराव, एवढं काय? पोरगी छान खेळली. आणि मारला पण चांगला, ती गोलकीपरच..."

"निघा म्हणतो ना!"

घड्याळवाला स्टूल काखेत मारून निघाला. शटर खडखडत खाली आलं आणि दुकानात अंधार झाला. बायकोला त्याची पेनल्टी हुकली ते दिवस आठवत होते. त्या वेळी रात्रभर फोन वाजले होते, आणि फोनवर लोक जे बोलले ते तिने आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घराच्या खिडकीतून दगड आला होता. नवी काच बसवून द्यायला कुणी येईना, तेव्हा हा स्वतः जाऊन काच आणि हिरकणी घेऊन आला, आणि दोन काचा फोडून तिसरी बसवली. धंदा सुरू झाला तो असा. लोक समजतात, याला पहिल्यापासून काचेची आवड.

बाहेर गल्लीत आवाज वाढत होते. माणसं आपापल्या टीव्हीसमोरून उठून बाहेर येत होती. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी मोठ्याने हसलं. काचवाला शटरमागच्या मोठ्या काचेसमोर जाऊन उभा राहिला. दुकानातली सगळ्यात महागाची काच होती ती. त्याने नकळत दोन्ही हात पसरले होते आणि गुडघे वाकवले होते.

"गोलकीपर झालात की," बायको म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

"गप बस जरा. ऐकू दे."

पावलं जवळ आली. थांबली. आणि शटरवर धाडदिशी आवाज झाला. मग दुसरा. काचवाल्याने डोळे घट्ट मिटले, पण तो जागचा हलला नाही.

"अहो आभाळराव! उघडा! बहिरे झालात का?" घड्याळवालाच होता. "तुमचे फोन बंद, म्हणून पोरगी माझ्या फोनवर आलीये. तिचं बिल वाढतंय तिकडे!"

बायकोने झटकन शटर हातभर वर केलं. खालून घड्याळवाल्याचा हात आत आला, हातात फोन. बायको तो घ्यायला वाकली, पण त्याआधीच काचवाल्याने तो ओढून घेतला आणि आतल्या खोलीत गेला.

काय बोलायचं नाही ते त्याला चांगलं माहीत होतं. इतक्या वर्षांत दुसरं केलं काय त्याने? बारकी पहिल्यांदा देशाकडून खेळली त्या दिवशीच त्याने मनाशी बजावलं होतं, की हिची कधी हुकलीच तर जेवलीस का विचारायचं, पाय दुखतोय का विचारायचं, वाटेल ते विचारायचं, पण तो प्रश्न विचारायचा नाही.

"बाबा?" तिचा आवाज बसला होता. मागे कुठेतरी नळ चालू होता.

"कशाला बदललंस?" काचवाला म्हणाला.

शब्द गेला तो गेला. दारात बायको उभी होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. फोनमध्ये नुसतं नळाचं पाणी ऐकू येत होतं, आणि काचवाल्याला वाटलं, आत्ता जमीन फाटली तर बरं. बापाचा तांब्या तेवढा द्यायचा राहिला.

"काय बदललं?" शेवटी बारकी म्हणाली.

"काही नाही गं. काही नाही. तू जेवलीस का?"

"बाबा, काय बदललं मी?"

"कोपरा," तो म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "उजवीकडे मारलास ना? मी बघितलं."

"उजवीकडे? मी डावीकडे मारला. नेहमीसारखा. तू बघितलंस? तू तर बघत नाहीस."

"दिसलं. आतल्या खोलीतून दिसलं, आर..." तो थांबला.

"कुठल्या पायाने मारला मी?" बारकीने विचारलं.

त्याने डोळे मिटले. बारकी धावतेय. पाय फिरतोय. डावा पाय. डावा? जन्मात कधी या पोरीने डाव्या पायाने चेंडू मारला नव्हता. त्याने डोळे उघडले. समोर सलूनवाल्याचा आरसा, आणि आरशात एक म्हातारा होत चाललेला माणूस, डाव्या कानाला फोन लावलेला. त्याच्या स्वतःच्या हातातला फोन तर उजव्या कानाला होता. उभा जन्म आरशांत काढलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट विसरावी!

"आरशात बघितलं," तो हळूच म्हणाला.

बारकी हसायला लागली. रडत होती, आणि रडता रडता हसत होती. मध्येच नाक ओढत होती. "आरशात! बाबा! काचवाला ना रे तू!"

"मग बदललं नाहीस?"

"नाही. बदलायला हवं होतं खरं म्हणजे. ती आधीच डावीकडे सरकली होती, मला दिसलं ते. अख्खी उजवी बाजू मोकळी होती."

"मग?" काचवाल्याने विचारलं. "मग का नाही बदललंस, बेटा?"

तिकडे कुणीतरी नळ बंद केला.

"तू हिरकणीचं सांगायचास ना, ते कशाबद्दल होतं ते मला केव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "बदलून हुकली असती, तर मीसुद्धा तुझ्यासारखी रात्रभर फिरत बसले असते. आपल्या घरात दोघांना फिरायला जागा कुठाय?"

काचवाल्याने आरशाकडे पाठ केली.

"बदललं होतं मी," मोठ्या कष्टाने तो म्हणाला. हे त्याने आजवर तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनाही उत्तर दिलं नव्हतं. "भीती वाटली म्हणून बदललं."

"माहितीये," बारकी म्हणाली, आणि तिने मोठी जांभई दिली. "मला बसमध्ये बोलावतायत. मी झोपते आता बसमध्ये. मेल्यासारखी झोप येतेय. आईला सांग, मी जेवले."

फोन बंद झाला. बायको पुढे जाऊन शटर वर करायला लागली. ऊन पुन्हा दुकानात आलं. गल्लीत माणसं घोळक्याने उभी राहून पेनल्टी कशी मारायला हवी होती ते एकमेकांना पायाने करून दाखवत होती. दगड कुणाच्याच हातात नव्हता.

बायको घड्याळवाल्याचा फोन न्यायला आत आली तेव्हा काचवाला काचांभोवतीच्या पेंढ्याच्या ढिगावर कलंडला होता. चपलासुद्धा पायातच होत्या. फोन छातीवर, तोंड उघडं. तिला आधी धस्स झालं. जवळ जाऊन वाकून बघितलं तर तो घोरत होता.

पुढे काउंटरवर कुणीतरी टकटक केलं. "आभाळशेठ आहेत का? खिडकीची काच फुटलीये."

बायको लगबगीने पुढे गेली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला," ती म्हणाली. "झोपलेत ते."