बर्फात ठेवलेला हायड्रिला

दुधनीचा निंगप्पा बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात नापास झाला. छे, त्याला विचाराल तर असं काही झालंच नाही.

पंचाहत्तरच्या एप्रिलात, सोलापूरच्या उन्हात कोमेजू नये म्हणून त्यानं तळ्यातला हायड्रिला, म्हणजे पाण्यात वाढणारं शेवाळासारखं गवत, लस्सीवाल्याच्या बर्फात ठेवला होता. परीक्षेत त्याच्या पानातल्या पेशीच्या आतल्या तंतूंच्या सांगाड्यावरून हिरवे कण फिरताना दाखवायचे होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. एकही कण हलत नव्हता.

"हे मेलंय."

"न्हाय सर, गारठलंय. ऊब लागली की पळतंय बघा."

त्यानं काचपट्टी काखेत धरली. परीक्षक शून्य देऊन जेवायला गेले. मग कण असे पळू लागले की प्रयोगशाळेचा शिपाईही डोळा लावून बसला.

निंगप्पानं विद्यापीठाला अर्ज धाडला: "सदर पेशीची प्रकृती आता उत्तम असून, तिला ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेस स्वतंत्रपणे बसू द्यावे, ही नम्र विनंती."