काचेवरची टिकली

मित्रांनो, मी एकोडीच्या हिरालालच्या घरचा जुना टीव्ही आहे, पाठीला मोठं कुबड असलेला. नवा होतो तेव्हा भंडाऱ्याहून एसटीत हिरालालच्या बायकोच्या, पार्वताबाईच्या, मांडीवर बसून आलो.

त्या वेळी अर्धी आळी मला बघायला यायची. दुपारी हिंदी सिनेमा लागे. खलनायक लहान पोरालाही लगेच ओळखू यायचा. एक डोळा पांढरा, नाहीतर गालावर घाव. तो आला की संगीत बदलायचं आणि माझी काच त्याच्या गालानं भरून जायची. तो घाव कशानं झाला, हे सिनेमा कधी सांगत नसे.

हिरालालच्या गालावरही घाव आहे, कानापासून ओठापर्यंत. पोरं काचेकडे बघायची, मग त्याच्याकडे, आणि त्याच्यापासून लांब सरकायची. एकदा पार्वताबाई उठली. कपाळावरची टिकली काढून तिनं काचेवरच्या त्या गालावर चिकटवली.

"हासून राह्यला मुडदा! घे, तुलेबी टिकली लावतो. आता कोन भेते तुले?"

सगळे हसले. खलनायक मेला, सिनेमा संपला, टिकली राहिली. मला पुसताना पार्वताबाई टिकली सोडून पुसायची.

गेल्या धानकापणीत पार्वताबाई गेली. तेव्हापासून मी बंद होतो. तरी हिरालाल रोज माझ्यासमोर बसायचा, शेजारी तिची जागा सोडून. माझ्या काळ्या काचेत ती रिकामी जागा दिसायची आणि टिकली बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर यायची. तो तिच्याशी बोलायचा. भाजीत मीठ जास्त झालं, एवढंही सांगायचा.

उन्हाळ्यात मुलगा विनोद लाखनीहून नातीला, मनालीला, घेऊन आला. त्यानं मला सुरू केलं. तसाच गाल, तसंच संगीत. मनालीनं काचेकडे पाहिलं, मग आजोबाकडे, आणि ती बापाच्या पाठीमागे सरकली.

"बाबा, आबाजीनं कोनाले मारलं?"

विनोदनं मला झटकन बंद केलं. हिरालालनं खांद्यावरचा दुपट्टा गालावर ओढला. जेवतानाही तो काढला नाही. मनाली त्याच्याजवळ फिरकली नाही. घरात आता त्याच्या तोंडाकडे बघणारं कोणी उरलं नव्हतं.

सकाळी ती माझ्याजवळ आली आणि नखानं टिकली उकरू लागली.

"काहाडू नको वं," हिरालाल दारातून म्हणाला. "आजीची हाय."

"टीव्हीले काहून लावली?"

"थो सिनेमातला घाववाला येये न, त्याले." तो येऊन माझ्यासमोर बसला. "मोहफुलं वेचाले गेलो होतो आमी. अस्वल तुह्या आजीवर धावलं. मी दोघांच्या मधात गेलो. तिले माह्या गालाचं भेव नव्हतं."

मनालीनं टिकलीवर बोट टेकवलं. मग त्याचा दुपट्टा सरकवून तेच बोट त्याच्या घावावर ठेवलं.

"दुखते?"

"आता नाही."

ती त्याच्या शेजारी, त्या सोडलेल्या जागेवर बसली. माझ्या काचेत तिच्या डोक्याच्या थोडी वर टिकली होती, कोणी तिला मांडीवर घेऊन बसावं तशी.

मित्रांनो, मला कधी पुसाल तर टिकली सोडून पुसा.