बारा खळग्यांची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. अंडी मोजायची, बारा खळग्यांची. आमच्या फेरो बेटांवर झाड टिकत नाही. वारा मेंढीलासुद्धा उचलून शेजारच्या बेटावर टाकतो; एक तर संध्याकाळी लोकर विंचरून परत आलेली मी पाहिली आहे. माझं लाकूड एका फुटलेल्या जहाजाचं, समुद्रातून वाहत आलेलं. ते जहाज एवढं मोठं होतं, की त्यावरचा स्वयंपाकी रस्सा वाढायला घोड्यावरून जाई. नाही पटत? बरं, तट्टू म्हणा.

मला कोरलं होडीवाल्या डान्यालने. त्या वसंतात अंड्यांसाठी कड्यावरून दोराने उतरायची पाळी त्याची होती. त्याला ताप आला म्हणून त्याच्या जागी त्याचा सोबती यास्पर उतरला, आणि वर आलाच नाही. डान्यालने आधी माझ्यात दहाच खळगे कोरले. तिघांत वाटणी बसेना, म्हणून दोन मागून कोरले. ते अजून जरा तिरके आहेत. मग साऱ्या गावादेखत मला छातीशी धरून तो यास्परच्या बायकोला म्हणाला, "सुन्निवा वहिनी, एक वाटा दोरवाल्यांचा, एक होडीचा, एक तुमचा. तुमचा वाटा कधी तुटायचा नाही."

मित्रांनो, मी तो शब्द पाळला. बारा खळगे भरले की माझ्या कडेची एक खुंटी पुढे सरके. बारा खुंट्या झाल्या की आमचं शेकडं. तुमच्या मोजणीने एकशे चव्वेचाळीस. त्याचे तीन वाटे केले की प्रत्येकी नेमक्या चार खुंट्या, वर काही नाही. दोघांत वाटा, चौघांत वाटा, सहा जणांत वाटा, शिल्लक शून्य. वीस वर्षं एका अंड्यावरून भांडण झालं नाही.

मग डान्यालने दहा खळग्यांची रंगवलेली पाटी आणली. "दहा बोटं, दहा खळगे. शाळेतली पोरं हसतात आपल्याला!"

तीन, तीन, तीन. आणि दर पाटीला एक उरायचं.

"उरलं ते होडीचं," डान्याल म्हणाला. "वहिनी, एका अंड्यावाचून काय तुमचा केक फुगायचा राहतोय?"

दहाच्या मोजणीत एकावर कितीही शून्यं चढवा, तिघांत वाटताना एक उरतंच. डान्यालला हे ठाऊक नव्हतं? माझ्या त्या दोन तिरक्या खळग्यांना विचारा!

मला त्याने गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलं. तिथून सुन्निवाने मला ओढून काढलं. त्या दिवशी एकच शेकडं अंडी उतरली होती. सगळ्यांसमोर तिने नव्या पाटीने मिळालेला आपला वाटा माझ्यात मांडला. तीन खुंट्या सरकल्या, वर सात खळगे भरले. पाच रिकामे.

"अठ्ठेचाळीसची त्रेचाळीस झाली. ही पाच कुठं गेली, भावजी?"

"वाऱ्यानं नेली असतील," एक दोरवाला हसत म्हणाला. डान्याल हसला नाही.

"जुनं लाकूड आहे ते," माझ्याकडे न बघता तो पुटपुटला. "फुगलंय. खोटं मोजतं."

ज्या हातांनी मला कोरलं, त्याच हातांच्या धन्याने मला खोटी म्हटलं. अडसर होऊन खाल्लेल्या लाथा मी विसरले असते; हे नाही विसरत.

मित्रांनो, नवी पाटी खुशाल घ्या. जुनीला दाराशी टाका हवं तर. फक्त वाटणीत जे उरतं, ते दर वेळी कुणाच्या घरी जातं, तेवढं बघत जा.

आता मी सुन्निवाच्या खिडकीत असते, तोंड रस्त्याकडे. सात खळग्यांत ती अंडी ठेवते, पाच रिकामे. होडीकडे जायची सरळ वाट इथूनच आहे. डान्याल मात्र हल्ली टेकडीला वळसा घालून जातो.