दोन फेऱ्यांची माशी

व्हार्फ नदीच्या मासेमारी मंडळाने त्या वर्षीच्या अहवालात एक वाक्य छापले: "कुमारी केझाया ऑल्डरसन यांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने एकांतवास पत्करला असून, गळाच्या माशा बांधण्यात बंधूंना हातभार लावत त्या त्यांच्या छायेत समाधानी आहेत."

वाक्यरचना निर्दोष आहे. प्रकृती मात्र ठणठणीत होती, आणि इच्छा बंधूंची. छाया होती, हे मान्य करायला हवे: माडीवरच्या त्या खोलीला उत्तरेची एकच खिडकी होती आणि तिच्या दगडी पट्ट्यांमधून हाताखेरीज काही बाहेर जात नसे. राहिला एकांतवास. तो जो पत्करतो त्याच्या दाराची कडी आतून असते. केझायाच्या दाराची बाहेरून होती.

गुन्हा एवढाच, की गवताची कापणी संपल्यावर जेवताना ती भावाला म्हणाली, "स्किप्टनला खोली बघितलीय मी, इनॉक. आता माशा माझ्या नावाने बांधणार."

"आणि मी दुकानात काय विकू? बटणं?"

मासे फसवण्यासाठी गळाच्या आकड्यावर पिसे-रेशीम बांधून केलेल्या या खोट्या माशा साऱ्या खोऱ्यात इनॉकच्या नावाने खपत. इनॉकच्या बोटांना रेशमाची गाठ जमत नसे. दुसऱ्या दिवशी सुतार न बोलावता त्याने स्वतःच कडी ठोकली. त्याच्या हातची ती एकमेव पक्की कारागिरी.

केझाया ओरडली नाही असे नाही. शेजारणीने ऐकले, चौकशी केली. इनॉक म्हणाला, "नसांचा आजार आहे." शेजारणीने मटणाचे सूप पाठवले आणि आपली खिडकी लावून घेतली.

हिवाळाभर ती बांधत राहिली. बांधले नाही तर ताट वर येत नसे. आकड्यावर नारिंगी रेशीम, त्याच्या डोक्याशी तितराचे करडे मऊ पीस, आणि त्या पिसाचे दोन फेरे. दोनच. मग पाण्यात त्याचे तंतू मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात, आणि पाण्याच्या पापुद्र्याखाली अडकलेला किडा वर येण्यासाठी पाय झाडतो आहे असे ट्राउट माशाला वाटते. ही धडपड कशी दिसते, हे केझायाला आता नदीकडे न बघताही कळत होते.

एका सकाळी तिने दोनाऐवजी पाच फेरे घातले. माशी गुबगुबीत आणि देखणी झाली. इनॉकने ती उजेडात धरली.

"वा, केझी! आता कुठे भरल्यासारखी वाटते. कंजूषपणा सोडलास म्हणायचा."

"गिऱ्हाईक कोरडीच बघतं ना," ती म्हणाली.

तसेच होते. या खोऱ्यातले जुने लोक माशी विकत घेण्याआधी तोंडात घालून भिजवत आणि मगच तिची पारख करत. मंडळात प्रतिष्ठित मंडळी आल्यापासून गल्ल्यापाशी उभे राहून माशी चोखणे गावंढळ ठरले होते. सुसंस्कृत डोळ्यांना पाच फेरे फार आवडले, आणि जुन्या माशा कुणी मागेनासे झाले.

वसंत आला, नदी हवी तशी उतरली, ट्राउट वर येऊ लागले आणि सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या राहिल्या. एका बाईच्या ओरडण्याने जे मंडळ हलले नव्हते, ते आता हलले. चिटणीस पिकर्सगिल दोन सभासदांसह दुकानात शिरले. त्यांनी इकडेतिकडे पाहून एक माशी गुपचूप तोंडात टाकली आणि बाहेर काढली. सगळे तंतू एकमेकांना चिकटले होते.

"ऑल्डरसन, ही माशी आहे की उंदराचं शेपूट?"

इनॉकपुढे दोनच वाटा होत्या: आपले हात बिघडले म्हणायचे, की ते आपले नव्हतेच म्हणायचे. "हल्ली सगळ्या बहीणच बांधते, साहेब. डोकं ठिकाणावर नाही तिचं."

"मग बोलवा तिला खाली."

"ती येत नाही खाली."

"मग आम्ही जातो वर."

केझायाने जिन्यावर बुटांचे आवाज ऐकले आणि शाल खांद्यावर घेतली. बूट दाराबाहेर थबकले. कडी कुठल्या बाजूला आहे हे कुणाच्या तरी लक्षात आले असावे. मग कडी कुरकुरली.

पिकर्सगिल यांनी टोपी काढली. समोर कोंडलेली बाई होती. त्यांनी विचारले ते माशीबद्दल. "बाई, किती फेरे घालता?"

"दोन लागतात. पाच घातले."

"का?"

"दोन फेऱ्यांच्या माशीसाठी तुम्ही वर आला असतात?"

ती जिन्याकडे निघाली. अरुंद जिन्यावर बाईला वाट द्यायची, ही रीत त्या सभ्य गृहस्थांच्या हाडीमासी मुरलेली होती. तिघे भिंतीला चिकटले आणि त्यांच्यामागे इनॉक अडकला. दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत तिला कुणी हात लावला नाही. समोर स्किप्टनचा रस्ता होता.

वर पिकर्सगिल विचारत होते, "ऑल्डरसन, ही कडी बाहेरून का?" उत्तर तिने रस्त्यावर पाऊल टाकता टाकता ऐकले. ते शब्दशः असे होते:

"कडी मीच लावली, साहेब, नाही कशाला म्हणू. पण कोंडलं कुठे होतं? पिसं देत होतो, रेशीम देत होतो, बांधायला उत्तरेचा उजेड होता. त्या पाच फेऱ्यांना मी शाबासकी दिली, तेवढं मात्र चुकलं माझं."